असोशीनं

असुओजा गावात लग्नाची बोलणी ठरली की लोक आधी विचारत, "मुलीकडून बोलणार कोण?" उत्तर 'बिरागो' असं आलं की मुलाकडच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. बिरागो भांडखोर होती अशातला भाग नाही. आवाज गोड, म्हणी तोंडपाठ, थट्टेला थट्टा द्यायला तयार. पण एक शब्द असा होता की तो तिच्या तोंडून निघणं म्हणजे उंबराचं फूल.

शब्द तसा नेहमीचा. मुलाकडची माणसं दारूच्या बाटल्या घेऊन येतात, मुलीला सगळ्यांदेखत तीनदा विचारलं जातं, या स्वीकारायच्या का? ती तीनदा 'हो' म्हणते. मग मुलीकडचं बोलणारं माणूस मुलाकडच्या बोलणाऱ्याकडे वळून सांगतं, 'मुलगी म्हणते, स्वीकारा, असोशीनं.' आता मुलगी बिचारी नुसतं 'हो' म्हणालेली असते. 'असोशीनं' हे वरून घातलेलं. रश्शाला मीठ घालतात तसं सगळेच घालतात, न चाखता.

इथल्या त्वी भाषेत या शब्दाच्या पोटात डोळे आहेत. एखादी गोष्ट इतकी हवी, इतकी हवी की डोळे लाल व्हावेत, तेव्हा तो वापरायचा. शेळी मीठ चाटते ती असोशीनं. आईच्या पाठीवर बांधून घ्यायला मूल दोन्ही हात पुढे टाकतं, ते असोशीनं. पण कडू काढा कुणी असोशीनं पीत नाही, आणि सासरी निघालेली प्रत्येक मुलगी असोशीनं निघते असंही नाही. बिरागोचं म्हणणं एवढंच होतं. ज्या मुलीच्या चेहऱ्यावर तिला तो शब्द दिसे, तिच्यासाठी ती तो खणखणीत म्हणे. नाही दिसला तर 'मुलगी म्हणते, स्वीकारा' एवढं सांगून तोंड मिटून घेई. न्यार्कोच्या मुलीच्या वेळी तिनं हेच केलं आणि पाहुणे बाटल्या उचलून, त्यांच्यासाठी रांधलेल्या फुफूच्या भांड्यांकडे न बघता चालते झाले. तेव्हापासून तिला बोलावणं जवळजवळ बंदच झालं.

ही खोड तिला उगाच जडली नव्हती. तिच्या स्वतःच्या लग्नात तिच्या बाजूनं बोलायला तिचा थोरला भाऊ अमोफा उभा होता. समोर एवढी वडीलधारी माणसं बघून त्या कोवळ्या पोरीनं खाली मान घालून 'हो' म्हटलं, आणि अमोफानं छाती फुगवून 'असोशीनं' जोडून दिलं. नवरा सोन्याच्या खाणीत कामाला. कमाई बरी, पण हात उचलायला मागेपुढे न बघणारा. ती गाठोडं घेऊन माहेरी आली की अमोफा दारातच म्हणायचा, "तू असोशीनं गेली होतीस. साऱ्या अंगणानं ऐकलंय." आणि तिला परत पाठवायचा. जो शब्द तिनं उच्चारलाच नव्हता, तो दर वेळी तिच्याविरुद्ध साक्षीला उभा राहायचा. शेवटी एकदा ती आली, अंगणात बसली, आणि कुणाच्या बापाला उठवता आली नाही. तेव्हाच तिनं ठरवलं होतं की दुसऱ्या पोरीच्या गळ्यात हा शब्द आपल्या हातानं बांधायचा नाही.

आणि आता लग्न दूफीचं होतं. दूफी तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर बिरागोनंच तिला वाढवलं. घरातला कर्ता मात्र अमोफा, आणि आमच्यात भाचीचं लग्न मामाच ठरवतो. त्यानं दुसरं कुणीतरी बोलायला आणायचं मनात घेतलं होतं, पण दूफी हटून बसली. "विचारणार तर मावशीच. नाहीतर मी खोलीतून बाहेरच येणार नाही." बोलणीच्या दिवशी मुलगी खोलीतून आली नाही तर घराचं नाक कापलं जातं. अमोफानं दात आवळून कबूल केलं.

बोलणीच्या दिवशी सकाळी बिरागो कोळशाच्या इस्त्रीनं दूफीचं लग्नात नेसायचं केंटेचं कापड सारखं करत होती. बाहेर हरमाटान वाऱ्याची धूळ उठली होती, आणि अंगणात पोरंटोरं भाड्यानं आणलेल्या खुर्च्यांची समोरासमोर रांग लावत होती. दूफी केसांना तेल लावत बसली होती, पण तिचं लक्ष तेलात नव्हतं.

"खरं सांग," बिरागो म्हणाली, "तुला तो ओतेंग हवाय का?"

"हवाय गं."

"मग तोंड असं का? कच्चं केळं खाल्ल्यासारखं?"

दूफीनं तेलाची बाटली बाजूला ठेवली. "मावशी, माझी पावडर राहिलीय."

बिरागोनं इस्त्री उचलून विटेवर ठेवली. दूफी मॅडम सेलिनाकडे शिवणकाम शिकत होती. शिकणं पुरं झालं की मॅडम सगळ्या गिऱ्हाइकांदेखत मुलीला पांढरे कपडे घालून बसवते, डोक्यापासून पायापर्यंत पावडरीनं माखते आणि तिच्या हातात कात्री देते. ती पावडर अंगावर पडली की तू शिंपीण. नाही पडली तर तुला कितीही सुंदर कापड बेतता येवो, लोक म्हणणार, ही अर्ध्यातून पळालेली. दूफीची पावडर ईस्टरला होती, आणि ओतेंग ताकोराडीच्या बंदरात क्रेन चालवायचा. बोलणी होताच तो तिला घेऊन जाणार होता.

"मामाला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाला, कात्री ताकोराडीतही मिळते."

"शहाणाच आहे. आणि ओतेंगला?"

"तो म्हणाला, मोठी माणसं ठरवतील. मोठी माणसं म्हणाली, ओतेंग ठरवेल." दूफी हसली, पण तिचे डोळे भरून आले. "सगळ्यांसमोर 'नको' म्हटलं तर त्याची मान खाली जाईल. मला त्याची मान खाली घालायची नाही. मी 'हो' म्हणणार आहे, मावशी. पुढचं तू बघ."

"मी काय बघू?"

"ते तुलाच ठाऊक."

बिरागोनं मनात हिशेब मांडला. मुलाकडच्यांनी न्यार्कोच्या घरासारखं उठून जायचं म्हटलं, तर ह्या पोरीचं लग्नही गेलं आणि हवा असलेला माणूसही गेला. शब्द घातला तर पावडर गेली, आणि उद्या ताकोराडीत ही रडली तर कुणीतरी म्हणणारच, साऱ्या अंगणानं ऐकलंय. एक जुनी रीत होती, बिरागोनं ती लहानपणी म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकली होती. शब्द गाळून निरोप आला तर समोरच्या बोलणाऱ्यानं रागावून उठायचं नसतं. त्यानं विचारायचं असतं, 'काय उरलं?' न्यार्कोच्या घरी समोरचा बोलणारा शहरातला पोरगा होता, त्याच्या बापालाही ही रीत माहीत नव्हती. आज मुलाकडून बोलायला नाना बोआहेन येणार होता. म्हाताऱ्याला आठवत असेल तर ठीक. नसेल तर सगळंच बुडालं.

ती हात पुसत बाहेर आली तेव्हा अमोफा मंडपाच्या खांबाशी वाट बघत उभा होता. खांद्यावर नवं कापड, कपाळावर घाम.

"बिरागो, आज तमाशा नको. शब्द घाल आणि मोकळी हो."

"माझ्याकडे तो नाहीये, दादा. मुलीनं दिला तर देईन."

"मुली कुठं देतात? तो आपण घालायचा असतो. मीठ आहे ते!"

"मीठ घालणाऱ्याच्या बापाचं काय जातं? चव खाणाऱ्याच्या तोंडात राहते. माझ्या तोंडात अजून आहे."

अमोफानं इकडेतिकडे बघितलं. "ते जुनं कशाला काढतेस? तेव्हा मी काय वाईट हेतूनं केलं?"

"नाही केलंस. म्हणून तर तुझ्याशी बोलते आहे."

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर टाळ्या आणि गाणं ऐकू आलं, आणि अमोफाला तोंडावर हसू चिकटवून पुढे व्हावं लागलं.

मुलाकडची मंडळी आली ती डोक्यावर ॲल्युमिनियमची मोठाली घमेली घेऊन. त्यात कापडं, रताळी, आणि चकचकीत कागदात गुंडाळलेल्या जिनच्या बाटल्या. सगळ्यांत पुढे ओतेंगची आत्या अजेइवा, तिचा आवाज तिच्याही पुढे. मागून काठी टेकत नाना बोआहेन, गालात चघळायला कडू कोलाच्या बीचा तुकडा. ओतेंग सर्वांच्या मध्ये, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, मान आखडून.

दोन रांगा समोरासमोर बसल्या. हातभर अंतर, पण एकमेकांशी थेट बोलायची सोय नाही. अमोफानं 'पाणी दिलं का' असं बिरागोला विचारायचं, तिनं ते नाना बोआहेनला सांगायचं, आणि त्यानं आपल्या माणसांना, जणू मधे डोंगर आहे.

"नाना, ऐका आणि पोहोचवा," बिरागो म्हणाली. "आमच्याकडे सगळं शांत आहे. तुम्ही पायाला धूळ लावून आलात, तुमच्या येण्याचं कारण सांगा."

"आमच्या पोरानं तुमच्या अंगणात एक फूल बघितलंय," नाना बोआहेन म्हणाला. "तोडायला आलोय."

"आमच्या अंगणात फुलं नाहीत. कोंबड्या आहेत. त्यातली एखादी चालेल का?"

हशा पिकला. रिवाजाप्रमाणे आधी खोटी नवरी आणली गेली. डोक्यावरून कापड ओढलेली, कंबर हलवत, लाजत. ओतेंगनं कापड उचललं तर आत शेजारची बिनदाताची म्हातारी, आणि तिनं त्याच्या गालावर मुका घेऊन टाकला. आत्या अजेइवा ओरडली, "ही पण बांधा! स्वयंपाकाला होईल!"

"स्वयंपाकाला कशाला? तुझी सवत म्हणून नेतेस तर ने!" बिरागोनं उत्तर दिलं, आणि दोन्ही बाजूंच्या बायका एकमेकींच्या हातावर टाळ्या द्यायला लागल्या. इथवर सगळं गुळगुळीत चाललं होतं. अमोफाच्या कपाळावरचा घामही सुकला.

मग दूफी आली. दोन मैत्रिणींच्या मधून, सावकाश, मान खाली. बिरागो तिच्यासमोर उभी राहिली. हीच पोर तिच्या पाठीवर बांधलेली असायची, हे तिनं त्या घटकेला मनातून बाजूला सारलं. बोलणाऱ्या माणसाला मावशी होऊन चालत नाही.

"दूफी, ही माणसं बाटल्या घेऊन आलीत. आम्ही उघडल्या आणि प्यायलो, की परत भरता येणार नाहीत. स्वीकारू का?"

"हो."

"पुन्हा विचारते. उद्या तू म्हणालीस, मावशी, परत कर, तर माझ्या पोटातून दारू निघणार नाही. स्वीकारू का?"

"हो."

"तिसऱ्यांदा. स्वीकारू का?"

दूफीनं क्षणभर वर पाहिलं. "हो, मावशी."

तिच्या 'हो'मध्ये खोट नव्हती. पण तो शब्दही नव्हता. बिरागो वळली. दोन्ही रांगा टाळ्या वाजवायला हात वर करून बसल्या होत्या.

"नाना बोआहेन, ऐका आणि पोहोचवा. मुलगी म्हणते, स्वीकारा."

हात वरच राहिले. अमोफा खाकरला. आत्या अजेइवा पुढे वाकली. "आणि?"

"एवढंच."

"एवढंच कसं? शब्द कुठाय?"

"मुलीनं दिला नाही. माझ्याकडे आला नाही, तर मी कुठून देऊ?"

"बघा! ऐका!" आत्या उभीच राहिली. "आमचं पोर काय रस्त्यावर पडलंय? बंदरात क्रेन चालवतो! आम्ही काय औषध म्हणून गळ्याखाली उतरवायला आणलंय त्याला? उचला रे बाटल्या!"

दोघी-तिघी खरंच उठल्या आणि बाटल्या घमेल्यात ठेवू लागल्या. काचेवर काच आपटली. अमोफा बिरागोच्या कानाशी आला, चेहरा घामानं डबडबलेला. "अगं बये, शब्द टाक. अजून वेळ आहे. हात जोडतो."

"नाही, दादा."

"पोरीचं वाटोळं करशील!"

"तिचं वाटोळं व्हायचं तर तिच्या खऱ्या 'हो'नं होऊ दे. माझ्या खोट्या शब्दानं नको."

दूफी जागची हलली नव्हती. तिकडे ओतेंगचं तोंड उतरलं होतं, आणि त्याचे डोळे दूफीवरून हटत नव्हते.

नाना बोआहेन अजून कोलाच चघळत होता. बिरागो त्याच्याकडे बघत राहिली. आठव, म्हाताऱ्या, आठव, असं ती मनात म्हणत होती. त्यानं कोला या गालातून त्या गालात घातला, काठी उचलली आणि जमिनीवर आपटली.

"अजेइवा, बस खाली. बाटल्या ठेव."

"पण नाना, अपमान..."

"अपमान कसला? बोलणारा मी की तू? काम मला दिलंय, तर मला ते पुरं करू दे. शब्द गळाला की एक प्रश्न विचारायचा असतो. हल्ली गळतच नाही, म्हणून प्रश्नाला बुरशी आली." त्यानं घसा साफ केला आणि सरळ बसला. "बिरागो, ऐक आणि पोहोचव. काय उरलं?"

बिरागोनं मनात म्हाताऱ्याचे पाय धरले. ती दूफीकडे वळली. "मुली, नाना विचारतायत, काय उरलं?"

दूफीनं ओठ ओले केले. मग बोलली ती सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"माझी पावडर उरलीय. ईस्टरला मॅडम माझ्या हातात कात्री देणार आहेत. इतकी वर्षं त्यांच्या पायाशी बसून मी टाके उसवलेत. ताकोराडीला मला शिंपीण म्हणून जायचंय. अर्धवट म्हणून नाही जायचं."

कुणीतरी मागच्या रांगेत "बरोबर आहे पोरीचं" असं पुटपुटलं. आत्या अजेइवानं तोंड उघडलं आणि नानाच्या काठीकडे बघून मिटलं.

बिरागोनं निरोप जसाच्या तसा पोहोचवला. एक शब्द वर नाही, एक खाली नाही. नाना ओतेंगकडे वळला. "पोरा, ऐकलंस. ईस्टरपर्यंत ती इथं, तू तिथं. थांबशील का?"

ओतेंगनं मान हलवली. "थांबेन, नाना."

नाना बिरागोकडे वळला. "ऐक आणि पोहोचव. मुलगा म्हणतो, थांबेन, अ..."

"थांबा," बिरागो म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"तुम्हीही मीठ घालायला निघालात, नाना. त्यालाच विचारा ना. कसा थांबशील?"

हे मात्र कुणी ऐकलं नव्हतं. तो शब्द मुलीकडून मागायची रीत. मुलाला कधी कुणी विचारलंय? मुलाकडच्या पुरुषांत कुजबूज झाली. अमोफानं कपाळाला हात लावला. नाना बोआहेननं मात्र भुवया उंचावल्या, बिरागोकडे एकदा बघितलं आणि काठीनं ओतेंगच्या बुटाला टोचलं.

"विचारतायत तुला. असोशीनं थांबशील का?"

'हो' म्हटलं असतं की संपलं असतं. सगळ्यांची तीच अपेक्षा होती. ओतेंग आपल्या हातांकडे बघत राहिला.

"नाही, नाना."

आत्यानं "अरे देवा" म्हणून छाती पिटली.

"असोशीनं कसा थांबू? खोटं कशाला बोलू? मी खोली रंगवून ठेवलीय. दोन पातेली घेतलीत. मला ती उद्याच हवीय. असोशी आहे ती न्यायची आहे, थांबायची नाही." त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदा सरळ दूफीकडे पाहून बोलला, बोलणाऱ्यांना वगळून, सगळी रीत मोडून. "पण थांबेन. चिडचिड करत थांबेन, रोज फोन करून डोकं खाईन, पण थांबेन. आणि पावडरीला येईन."

मग खोटी नवरी झालेली ती बिनदाताची म्हातारी खदखदून हसली आणि तिच्यामागून सगळेच हसायला लागले. बिरागो हसली नाही. तिच्या लग्नात असं एक खरं वाक्य कुणी बोललं असतं, तर काय काय झालं नसतं, हे तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"मावशी," दूफी म्हणाली. "परत विचार."

"तीनदा विचारून झालं. चौथ्यांदा विचारत नाहीत."

"आज रोजच्यासारखं काय झालंय? विचार."

बिरागो तिच्यासमोर आली. दूफीचे डोळे लाल होते. रडून झाले होते की आणखी कशानं, हे सांगायची गरज नव्हती.

"दूफी, या बाटल्या स्वीकारू का?"

"स्वीकारा," दूफी म्हणाली. "असोशीनं."

बिरागो वळली. हा शब्द पोहोचवायला तिला इतका वेळ कधी लागला नव्हता. तिनं घसा साफ केला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत, मॅडम सेलिनाच्या दुकानापर्यंत जाईल असा आवाज लावला.

"नाना बोआहेन, ऐका आणि पोहोचवा. मुलगी म्हणते, स्वीकारा, असोशीनं. पावडर झाल्यावर ती येईल. हे तिनं स्वतःच्या तोंडानं म्हटलंय." ती अमोफाकडे वळली आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "साऱ्या अंगणानं ऐकलंय."

अमोफाची मान खाली गेली. पूर्वजांची नावं घेत जमिनीवर दारूची पहिली धार धरायचं काम घरच्या कर्त्याचं. त्यानं बाटली उचलली, पण झाकण त्याच्यानं फिरवेना. त्यानं ती बिरागोपुढे केली. बिरागोनं झाकण उघडून बाटली त्याच्या हातात परत दिली, आणि त्यानं धार सोडताना पूर्वजांच्याही आधी तिचं नाव घेतलं.